पोटगीची थकबाकी आणि कामापुरता परवाना



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. अमेरिकेतील एखाद्या बापाने आपल्या मुलाच्या पोटगीचे पैसे थकविले, म्हणून तेथील सरकारने त्याचा मोटार चालविण्याचा परवाना अडकवून ठेवला. आणि मग, 'बरे, कामावर जाण्यायेण्यापुरती चालव,' असे म्हणून तोच परवाना अर्धामुर्धा परत दिला. यात वसंतातल्या संध्याकाळी मुद्दाम येऊन बसून ऐकण्यासारखे काय आहे, ही शंका रास्त आहे. तिचे माझे उत्तर असे, की हा प्रश्न वरवर पाहता परवान्याचा दिसतो, पण खरोखर तो ऋणाचा आहे. ज्याच्याकडून येणे वसूल करावयाचे, त्याच्या हातातले मिळकतीचे साधनच वसुलीसाठी काढून घ्यावे काय, हा तो प्रश्न. सावकाराच्या बाबतीत त्याचे उत्तर सोपे आहे. परंतु येथे धनको म्हणजे सावकार नाही. येथे धनको आहे एक अजाण मूल. म्हणून उत्तर अवघड होते, आणि म्हणूनच ते शोधण्यासारखे आहे. हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रानेही एकेकाळी चांगला सोसलेला आहे. त्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी अमेरिकेत काय घडले ते पाहू.

आईबाप विभक्त झाले, किंवा त्यांचा विवाहच झालेला नसला, तर ज्याच्याजवळ मूल राहत नाही त्याने मुलाच्या संगोपनासाठी दरमहा ठराविक रक्कम द्यावी, असा अमेरिकेतील सर्व राज्यांचा कायदा आहे. हा देणारा बहुधा बाप असतो. क्वचित आईही असते. मी बोलण्याच्या सोयीसाठी 'बाप' म्हणणार आहे, त्याबद्दल भगिनींनी, आणि बापांनीही, क्षमा करावी.

फार दिवस ही वसुली ज्याच्या त्याच्या नशिबावर होती. बाईने कोर्टात जावे, वकील द्यावा, हुकूम मिळवावा. तोवर बाप दुसऱ्या राज्यात गेला की हुकूम पेटीत पडून राही. मूल आणि आई सरकारी मदतीवर येत, म्हणजे बापाचे ओझे करदात्यांच्या डोक्यावर येई. १९७५ सालच्या जानेवारीत अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने एक कायदा झाला आणि या वसुलीसाठी मध्यवर्ती सरकार व राज्ये यांची जोडयंत्रणा उभी राहिली. पुढे १९८४ आणि १९८८ च्या कायद्यांनी मालकाने बापाच्या पगारातून रक्कम परस्पर कापून पाठवावी, ही पद्धत रूढ झाली. आजही या यंत्रणेमार्फत जो पैसा वसूल होतो, त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा पगारातून कापूनच येतो. हा आकडा कृपा करून ध्यानात ठेवावा. मुलाच्या ताटात पडणाऱ्या चार घासांपैकी तीन घास बापाच्या नोकरीतून येतात. कोर्टाच्या धाकातून किंवा जप्तीतून येतात ते उरलेल्या एकातले.

पण ज्याला ठरलेला पगारच नाही त्याचे काय? जो स्वतःचा धंदा करतो आणि मिळकत लपवितो, जो नोकऱ्या बदलीत हिंडतो, त्याला कसे पकडावे? या माणसांसाठी परवान्याची युक्ती निघाली. १९९३ च्या सुमारास मेन राज्याने ती करून पाहिली, आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकिर्दीत सरकारी मदतीच्या पद्धतीचा जो मोठा फेरबदल झाला, त्या कायद्यात ती सर्व राज्यांवर बंधनकारक झाली. पोटगी थकविणाऱ्याचे परवाने अडकवून ठेवण्याचा अधिकार प्रत्येक राज्याने आपल्या यंत्रणेला द्यावा, असे त्यात सांगितले. परवाने तीन प्रकारचे: वाहन चालविण्याचे, धंद्याव्यवसायाचे, आणि शिकार, मासेमारी यांसारख्या करमणुकीचे. याशिवाय थकबाकी ठराविक रकमेवर गेली की पारपत्र मिळत नाही. ही मर्यादा पूर्वी पाच हजार डॉलर होती, ती पुढे अडीच हजारांवर आली.

या यादीतल्या तीन परवान्यांकडे नीट पाहावे. मासे पकडण्याचा परवाना अडकविला तर फार तर त्या गृहस्थाची रविवारची दुपार सुनी जाईल; मुलाचे काही बिघडत नाही, उलट बापाला जरा चुटपुट लागते, हे उत्तमच. पण न्हाव्याचा धंद्याचा परवाना काढून घेतला तर तो केस कापणार कशाने? आणि मोटारीचा परवाना काढून घेतला तर तो कामावर जाणार कसा? एकाच कलमात, एकाच श्वासात, कायद्याने चैनीची वस्तू आणि पोटाचे साधन ही दोन्ही घातली. तेथे गोंधळाला सुरुवात झाली.

आपणाला वाटेल, मोटार नसेल तर बसने जावे. येथेच अमेरिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. न्यूयॉर्क, शिकागो यांसारखी शहरे सोडली तर त्या देशात घर एका टोकाला, कारखाना दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये पंधरावीस मैलांचा सरळ रस्ता, अशी वस्ती असते. २०१९ साली तेथील कामकऱ्यांपैकी सुमारे पाच टक्केच लोक बस, आगगाडी अशा सार्वजनिक वाहनाने कामावर जात. चारांतले तीन एकटेच आपापली मोटार हाकीत जात. त्या माणसाची मोटार म्हणजे आपल्या शेतकऱ्याची बैलजोडी. गाडी गोठ्यातून सोडून नेली की शेत पडीक राहणार, हे सांगायला पंडित नको.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९७१ साली जॉर्जिया राज्यातील एका धर्मोपदेशकाचे प्रकरण त्याच्यापुढे आले. या गृहस्थांना तीन खेड्यांतील मंडळींची धर्मसेवा मोटारीने फिरून करावी लागे. एक लहान मुलगी सायकलीवरून येऊन त्यांच्या मोटारीच्या बाजूवर आदळली. दोष कोणाचा हे न पाहताच, नुकसानभरपाईची हमी दिली नाही म्हणून, त्यांचा परवाना निलंबित करण्याचे ठरले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी न्यायालयातर्फे निर्णय दिला, तो थोडक्यात असा: परवाना एकदा दिला की तो उपजीविकेचा आधार बनू शकतो, म्हणून योग्य ती चौकशी केल्यावाचून सरकारला तो काढून घेता येणार नाही. पोटगीच्या कायद्याच्या पंचवीस वर्षे आधी हे झाले. पोटगीच्या बाबतीतही बापाला आधी नोटीस पाठवितात आणि म्हणणे मांडण्याची संधी देतात. पण ती नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, किंवा हाती पडली तरी ती वाचून काय करावे हे त्या माणसाला उमगत नाही, असे पुष्कळदा होते.

आता एक हिशेब मांडू. माणूस काल्पनिक आहे. हिशेब मात्र खरा आहे. इलिनॉय राज्यातल्या एका लहान गावी एक कामगार आहे असे समजा. त्याला मुलासाठी दरमहा ५०० डॉलर द्यावयाचे आहेत आणि तो नियमित देत आला आहे. कारखाना बंद पडला. सहा महिने काम नाही; ३,००० डॉलर थकले. इलिनॉयमध्ये नव्वद दिवसांची थकबाकी झाली की परवान्यावर गदा येऊ शकते. ती आली, आणि नेमके त्याच आठवड्यात वीस मैलांवरच्या एका गुदामात काम मिळण्याचा योग आला. परवाना असता, तर हा मनुष्य चालू महिन्याचे ५०० आणि मागील बाकीपोटी १०० असे दरमहा ६०० देऊ लागला असता, आणि अडीच वर्षांत फिटला असता. परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पैसा नाही; वर्षभराने पाहावे तो ३,००० चे ९,००० झालेले. मुलाला काय मिळाले? शून्य. सरकारला काय मिळाले? कागदावरचा एक मोठा आकडा.

'अहो, मग त्याने कोर्टात जाऊन रक्कम कमी करून घ्यावी,' असे कोणी म्हणेल. येथे आणखी एक खोच आहे. १९८६ साली एक दुरुस्ती झाली. न्यू जर्सीचे सिनेटर ब्रॅडली यांच्या नावाने ती ओळखली जाते. एकदा थकलेली पोटगी मागाहून कोणत्याही न्यायाधीशाला कमी करता येत नाही. अर्ज केल्याच्या पुढची तेवढी कमी होऊ शकते. हेतू चांगला होता; बापाने टाळाटाळ करावी आणि शेवटी न्यायाधीशाच्या हातापाया पडून बाकी माफ करून घ्यावी, ही वाट बंद करावयाची होती. पण जो गरीब आहे, ज्याला वकील परवडत नाही, नोकरी सुटल्याच्या दिवशी कोर्टात अर्ज टाकावयाचा असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याची बाकी घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाढत राहते. वर कित्येक राज्यांत त्यावर व्याज. कॅलिफोर्नियात ते शेकडा दहा आहे. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज घेता येत नसे. तेवढाही दिलासा या बापाला नाही.

ही थकबाकी साऱ्या देशात मिळून शंभर अब्ज डॉलरांच्या वर आहे. पण ती कोणाकडे आहे? नऊ मोठ्या राज्यांच्या नोंदी तपासून २००७ साली एक अहवाल निघाला. त्यात दिसले, की तेथील थकबाकीपैकी सत्तर टक्के रक्कम अशा लोकांकडे होती, ज्यांचे नोंदलेले वार्षिक उत्पन्न दहा हजार डॉलर किंवा त्याहून कमी होते, किंवा मुळी नव्हतेच. म्हणजे आलिशान मोटारीतून फिरणारा आणि मुलाला उपाशी ठेवणारा जो खलनायक कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता, तो अस्तित्वात आहे खरा. परंतु जाळ्यात सापडतात ते बहुतेक मोडक्या गाडीतून हातावर पोट भरायला जाणारे.

तेव्हा दोन माणसे आपल्याला वेगवेगळी ओळखावी लागतील. एक, जो देत नाही. दुसरा, जो देऊ शकत नाही. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. दोघांच्याही नावापुढे वहीत तीच बाकी असते. पहिल्याला धाक पाहिजे, दुसऱ्याला काम पाहिजे. पहिल्याचे औषध दुसऱ्याला पाजले तर रोग वाढतो.

हे ध्यानात आल्यावर काही राज्यांनी कामापुरता परवाना काढला. खरे पाहता १९९६ च्या मूळ कायद्यातच तीन क्रियापदे होती: परवाना रोखावा, निलंबित करावा, अथवा त्याचा वापर मर्यादित करावा. पहिली दोन सर्वांनी वाचली. तिसऱ्याकडे थोड्यांचेच लक्ष गेले.

इलिनॉयच्या कायद्याने या परवान्याला जे नाव दिले आहे, त्याचे मराठी करावयाचे तर 'कौटुंबिक आर्थिक जबाबदारीचा वाहन-परवाना' असे भारदस्त होईल. थकबाकीदाराने न्यायालयाकडे अर्ज करावा. घर ते कामाचे ठिकाण, कामाच्या ओघात करावा लागणारा प्रवास, आणि स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या औषधोपचारासाठी जाणेयेणे, एवढ्यासाठी तो मागता येतो. जाण्याचे दुसरे कोणतेही वाजवी साधन उपलब्ध नाही, हे न्यायाधीशाला पटवून द्यावे लागते. न्यूयॉर्कमध्ये चार महिन्यांच्या हप्त्यांइतकी बाकी झाली की परवाना निलंबित होऊ शकतो. पण सरकारी मदतीवर जगणारा, किंवा ज्याचे उत्पन्न स्वतःच्या निर्वाहाच्या किमान मर्यादेखाली आहे असा, त्यातून वगळला आहे, आणि इतरांना मर्यादित वापराच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ओहायोने २०१२ च्या कायद्याने अशी मर्यादित मुभा देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. मिनेसोटाने मर्यादित परवाना ठेवला तो नव्वद दिवसांच्या मुदतीचा. तेवढ्या अवधीत कामाला लागा आणि हप्ते बांधून घ्या, असा त्याचा अर्थ.

ही योजना मला योग्य वाटते. तीत शिक्षा आहे, पण ती बेताची आहे. रविवारी फिरायला जाता येत नाही, मित्राकडे जाता येत नाही, रात्री हिंडता येत नाही. मनुष्याला आपण देणेकरी आहोत याची आठवण दर दिवशी राहते. आणि सकाळी सात वाजता कारखान्याच्या दारात उभे राहण्याचा त्याचा मार्ग मात्र मोकळा राहतो. चैन बंद आणि कमाई चालू, हे या परवान्याचे सूत्र आहे.

परंतु येथे मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे मांडले पाहिजे, आणि ते सौम्य करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती बाजू आईची आहे. ती म्हणेल, "तुम्ही बापाच्या अडचणी मोजता आहात. माझ्या कोणी मोजल्या? माझी नोकरी गेली तेव्हा मुलाने महिनाभर जेवू नये अशी मुभा मला कोणी दिली काय? घरभाडे, दूध, शाळा, दवाखाना यांतली एकही गोष्ट मी 'कामापुरती' करू शकत नाही. ज्या गृहस्थाला तीन वर्षे पत्रे पाठविली तरी उत्तर आले नाही, त्याचा परवाना जाणार असे कळताच तो आठ दिवसांत पैसे घेऊन हजर झाला. आता तुम्ही त्याला कामापुरता परवाना देणार. मग त्याला भीती कशाची राहिली?"

मंडळी, या बोलण्यात पुष्कळ तथ्य आहे. धाकाने पैसा येतो हे खरे आहे, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याकडून तो आलाच पाहिजे. मुलाचे देणे हे सावकाराच्या देण्यासारखे नाही. दोन प्रौढ माणसांनी डोळे उघडे ठेवून केलेला तो व्यवहार नव्हे. मुलाने कर्ज देण्याचे कबूल केलेले नसते. त्याला वाट पाहता येत नाही; सहाव्या वर्षी न मिळालेले दूध सोळाव्या वर्षी देऊन भागत नाही. म्हणून मुलाच्या देण्याच्या बाबतीत कायद्याने अधिक कठोर असावे, हे मला मान्य आहे.

पण कठोर कोठे असावे? याचे उत्तर अमेरिकेच्याच दुसऱ्या एका कायद्यात आहे. साध्या कर्जासाठी मनुष्याच्या हाती पडणाऱ्या पगाराचा सामान्यतः चौथा हिस्साच जप्त करता येतो. पोटगीसाठी मात्र निम्म्यापर्यंत, तो दुसरे कुटुंब पोशीत नसेल तर साठ टक्क्यांपर्यंत, आणि बाकी बारा आठवड्यांहून जुनी असेल तर आणखी पाच टक्के, इतके कापता येते. म्हणजे मुलासाठी कायदा शंभरांतले पासष्ट उचलू शकतो. हा कठोरपणा योग्य जागी आहे. तो मिळकतीवर आहे. मिळकतीतून वाटेल तेवढे घ्या, पण मिळकतीचे साधन घेऊ नका. आईच्या त्या रागाला माझे उत्तर एवढेच, की कामापुरता परवाना बापावरील दयेने द्यावयाचा नाही. तो मुलाच्या हिशेबाने द्यावयाचा. आणि ज्याच्याजवळ पैसा असून तो देत नाही, त्याला हा परवानाही देऊ नये.

आणखी एक गोष्ट आईनेही जाणली पाहिजे. ज्या कुटुंबाने सरकारकडून रोख मदत घेतलेली असते, त्या कुटुंबाला आपला पोटगीचा हक्क सरकारच्या नावे करून द्यावा लागतो. म्हणून कित्येक राज्यांत अशा बापाकडून वसूल झालेल्या पैशाचा मोठा भाग, कोठे कोठे सगळाच, मुलाकडे न जाता सरकारच्या खजिन्यात जातो. बापाला वाटते, मी देतो ते पोराला मिळत नाही. पोराला वाटते, बाप देतच नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. अशा ठिकाणी परवाना अडकविण्याने मुलाचे कल्याण होते, असे म्हणताना जरा थांबावे लागेल.

कामापुरत्या परवान्यातही दोष आहेत. पहिला असा, की तो रोग झाल्यावरचा उपाय आहे. परवाना जातो तो कार्यालयातील यंत्राच्या एका फटकाऱ्याने; परत मिळतो तो अर्ज, शुल्क, पुरावा आणि सुनावणी यांच्या पायऱ्या चढून. ज्याला या पायऱ्या चढता येतात, तो बहुधा मुळात तितका गरीब नसतो. दुसरा असा, की ज्याला अजून काम मिळालेच नाही त्याने कोणत्या कामाचा पुरावा आणावा? काम शोधायलाही गाडी लागते. आणि तिसरा दोष मला सर्वांत बोचतो. कामापुरता परवाना म्हणजे शब्दशः कामापुरता. इलिनॉयच्या ज्या कलमाची यादी मी सांगितली, तीत काम आहे, औषधोपचार आहे. मुलाला भेटायला जाणे त्या यादीत नाही. ज्या मुलासाठी म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच्याकडे जाण्याची वाट मात्र परवान्याने उघडत नाही. बाप मुलाला पैसे पाठवू शकेल, त्याच्या दारात जाऊ शकणार नाही. मुलाला भेटणारा बाप पैसे देण्यातही अधिक नियमित असतो, हे ज्याने चार संसार जवळून पाहिले आहेत त्याला सांगावे लागू नये. राज्यांनी आपल्या यादीत ही एक ओळ वाढविली तर खर्च शून्य आहे.

या सर्वांवर खरा उपाय एकच: आधी चौकशी, मग शिक्षा. हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली साउथ कॅरोलिनातील एका खटल्यात स्पष्ट केले. तेथे एका बापाला आठवड्याला एक्कावन्न डॉलर आणि काही सेंट द्यावयाचे होते. ते थकले म्हणून त्याला बारा महिन्यांची कैद झाली. त्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे काय, याचा निष्कर्ष न्यायाधीशाने नोंदविलाच नव्हता. न्यायालयाने सांगितले, की ऐपत हाच मुख्य प्रश्न आहे हे त्या माणसाला आधी कळविले पाहिजे, त्याच्या मिळकतीची माहिती घेतली पाहिजे, त्याला उत्तर देऊ दिले पाहिजे, आणि ऐपत आहे असा स्पष्ट निष्कर्ष काढूनच त्याला तुरुंगात घालता येईल. पुढे २०१६ च्या डिसेंबरात मध्यवर्ती सरकारने नियम केले, त्यांतही पोटगी ठरवितानाच देणाऱ्याची खरी मिळकत आणि परिस्थिती पाहावी, असा भर आहे. कैदेसाठी जी चौकशी लागते तीच परवान्यासाठीही का लागू नये? तुरुंगातील माणूस कामावर जाऊ शकत नाही, आणि त्या देशात परवाना गेलेला माणूसही कामावर जाऊ शकत नाही. मुलाच्या दृष्टीने दोघांत फरक तो काय?

आता आरंभी म्हटल्याप्रमाणे आपल्या घरी येतो. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पुणे आणि तेव्हाचा अहमदनगर हे जिल्हे त्या दंग्यांनी हादरले. त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची रीत त्याने बंद केली. ज्या १८७५ साली रोखे जळले, त्याच साली पुण्यात माधवराव रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आणि पुढे त्याच कायद्याच्या अंमलावर देखरेख करणारे न्यायाधीश म्हणूनही रानडे यांनी काम केले. तेव्हा आजचा विषय या परंपरेला अगदीच परका नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम आजही सांगते, की कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे, गुरे व बियाणे जप्त करता येणार नाहीत. तेच कलम पगाराच्या बाबतीत पोटगीला मात्र झुकते माप देते: साध्या कर्जाच्या मानाने पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फार मोठा हिस्सा जप्त होऊ शकतो. मिळकत अधिक घ्यावी, औत घेऊ नये, हे तत्त्व आपल्या पुस्तकात लिहिलेले आहे.

असे असूनही आपले पोटगीचे दुसरे कलम निराळी वाट चालते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम, जे २०२४ च्या जुलैपासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे झाले आहे, त्याप्रमाणे पुरेसे कारण नसताना पोटगी थकविणाऱ्याला महिन्याच्या बाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो, की तुरुंगातून बाहेर आलेला मनुष्य बाकी तशीच घेऊन येतो, आणि महिन्याची मजुरी गमावून येतो. 'पुरेसे कारण' हे दोन शब्द कायद्यात आहेत. ते सुनावणीतही ऐकू आले पाहिजेत. २०२० च्या नोव्हेंबरात, आपल्या नागपूरहून वर गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथेवर मांडावीत असा नियम घालून दिला. देत नाही कोण आणि देऊ शकत नाही कोण, हे ओळखण्याचे हत्यार त्यामुळे न्यायाधीशाच्या हाती आले आहे. ते गंजू न देणे हे वकिलांचे, न्यायाधीशांचे आणि आपल्या सर्वांचे काम आहे.

वाहन चालविण्याचा परवाना पोटगीसाठी काढून घ्यावा, अशी तरतूद आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. पण आपल्याकडेही आता हजारो संसार रिक्षा, टेम्पो आणि दुचाकी यांच्या चाकांवर चालतात. उद्या कोणी कळवळ्याने उठून अशी सूचना करील, आणि ती ऐकायला गोड लागेल. त्या वेळी टाळी वाजविण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे: ज्या मुलासाठी हे करावयाचे, त्याच्या हातात पुढच्या महिन्याच्या एक तारखेला काय पडेल? जास्त पडणार असेल तर बापाला अवश्य पिळावे. कमी पडणार असेल, तर त्याची गाडी त्याच्या दारात राहू द्यावी, आणि पगाराच्या दिवशी मुलाचा वाटा आधी काढून घ्यावा.